दारातली जुनी पिकअप : दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

खामगावच्या व्यापाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी माल हलवण्याचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांनी या गावच्या बाजारात उतरत असे आणि देशातील मोठ्या कापूस बाजारपेठांत खामगावची गणना होत असे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा मुख्य लोहमार्ग मात्र गावाला बाजूला ठेवून जलंबवरून गेला. जलंब ते खामगाव हे अंतर अवघे १३ किलोमीटर. पण काळ्या मातीच्या वाटेवर पावसाळ्यात तेवढेही डोंगराएवढे होते. अखेर या १३ किलोमीटरसाठी स्वतंत्र शाखा बांधण्यात आली आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत तिचा प्रारंभ झाला. ती शाखा आजही आहे.

बाजारापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचे शेवटचे अंतर मात्र कोणत्याही रेल्वेने कापले नाही. ते काम आधी बैलगाडीने केले, मग टेम्पोने, आणि आज ते पिकअप करते. किराणा, धान्याची अडत, सरकी-ढेप, कापड, लोखंड-सिमेंट, शेतीची औषधे असा कोणताही धंदा घ्या; सकाळी शटर वर गेले की पाठोपाठ पिकअपचा सेल्फ वाजतो. शेगाव, नांदुरा, बाळापूर, चिखली या वाटांवर तिचा दिवस जातो.

आपल्यापैकी अनेक घरांच्या दारात अशी दहा-पंधरा वर्षांची एक पिकअप उभी असते. तिच्यावरून घरात मतभेदही असतात. वडीलधारे म्हणतात, "इंजिन अजून ठणठणीत आहे, थोडा खर्च करू." तरुण पिढी म्हणते, "रोजची कटकट नको, हप्त्यावर नवी घेऊ." दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जुनी गाडी नीट उभी केली तर ती छोट्या व्यापाऱ्याला कर्जापासून वाचवते. ती अर्धवट उभी केली तर गल्ल्याला गळती लागते, आणि एखाद्या दिवशी एखाद्याचा जीवही जाऊ शकतो. म्हणून हा निर्णय भावनेवर किंवा हौसेवर न सोडता व्यापाऱ्याच्या पद्धतीने, म्हणजे पाहणी, क्रम आणि हिशेब या तीन कसोट्यांवर घ्यायला हवा.

'टेम्पो' हा शब्द आपल्याकडे कसा आला

लहान मालवाहू गाडीला मराठी माणूस सहजपणे 'टेम्पो' म्हणतो. हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव आहे, आणि ते महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवणारे उद्योजक आपल्याच समाजातले होते. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कारखान्याशी तांत्रिक सहकार्य करून बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. 'हॅन्सिएट' या तीनचाकी टेम्पोपासून सुरुवात झाली. १९६९ साली 'मॅटाडोर' आली आणि इतकी रुळली की विदर्भात आजही कोणत्याही कंपनीच्या लहान ट्रकला लोक 'मॅटाडोर' म्हणतात. पुढे या गाड्यांत मर्सिडीझ-बेंझचे 'ओएम ६१६' हे डिझेल इंजिन परवान्याने बनवून बसवले जाऊ लागले. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. टेम्पो हा शब्द मात्र बाजारातच राहिला.

त्याच सुमारास इतरही पर्याय येत गेले. टाटांचा ४०७ ट्रक १९८६ साली आला आणि १९८८ साली टाटामोबाईल ही पिकअप आली. महिंद्रांच्या जीपवर बेतलेल्या पिकअप तर त्याआधीपासून खेड्यापाड्यांत धावत होत्या. २००० साली बोलेरो आली आणि तिच्याच घराण्यातली पिकअप आज आपल्या भागात सर्वाधिक ओळखीची आहे. २००५ साली आलेल्या टाटा एसला लोकांनी 'छोटा हत्ती' हे नाव दिले.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. या पिढीतल्या बहुतेक गाड्यांची इंजिने साधी आहेत. डिझेल पंप यांत्रिक, नॉझल यांत्रिक, संगणकाचा संबंध नाही. असे इंजिन गावातला अनुभवी मिस्त्री कानाने आणि हाताने ओळखतो, आणि सुटे भाग खामगाव-अकोल्याच्या दुकानांत मिळतात. एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस.-४ आणि एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या गाड्या हवा कमी प्रदूषित करतात हा त्यांचा मोठा गुण आहे. पण त्यांतील सेन्सर आणि संगणक दुरुस्त करायला कंपनीचे यंत्र लागते. जुनी गाडी दुरुस्त करणे परवडते ते या साधेपणामुळे.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात जाते का?

बाजारात सर्वाधिक ऐकू येणारा गैरसमज हाच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आणण्यात आली. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा न्यायालयीन आदेशांतून आली. या तीन गोष्टींची सरमिसळ होऊन 'पंधरा वर्षे झाली की गाडी जप्त' असा समज पसरला.

खासगी मालकाच्या गाडीसाठी बुलढाणा जिल्ह्यात निकष वयाचा नसून योग्यतेचा आहे. मालवाहू पिकअप ही 'वाहतूक वाहन' या वर्गात मोडते. तिला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. याला आपण 'पासिंग' म्हणतो. गाडी तपासणीत आणि फेरतपासणीत नापास झाली तरच तिचे आयुष्य संपले असे मानले जाते. वय वाढेल तसे पासिंगचे शुल्क वाढते आणि राज्याचा पर्यावरण करही भरावा लागतो. हा खर्च हिशेबात आधीच धरावा.

दुसऱ्याकडून जुनी पिकअप घेत असाल तर इंजिन पाहण्याआधी कागद पाहावेत. चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष वाचून आर.सी.शी ताडून घ्यावेत. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद नसेल तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ भरून तो उतरवलेला असावा. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. दंडाची थकलेली चलने, कर, विमा आणि पीयूसी यांची स्थिती परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहता येते. सौदा झाल्यावर आर.सी. स्वतःच्या नावावर करण्यात दिरंगाई करू नये. नाव जुन्याचे आणि गाडी नव्याकडे, या अवस्थेत अपघात झाला तर दोन्ही घरे वर्षानुवर्षे न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकतात.

चालकाच्या परवान्याबाबतही एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केले. पिकअप या मर्यादेत आरामात बसते. तसेच एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार वेगळे परमिट लागत नाही. पासिंग आणि विमा मात्र कोणालाही चुकलेला नाही.

आधी सांगाडा पाहावा

गाडी दुरुस्त करण्याजोगी आहे की नाही, हे इंजिन ठरवत नाही. ते चॅसी ठरवते. इंजिन उघडता येते, बदलता येते. चॅसी गंजून पोकळ झाली असेल तर तिच्यावर केलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवून खालून बॅटरीच्या उजेडात पाहावी. लहान हातोडीने दोन्ही लांब पट्ट्यांवर हलके ठोके मारत जावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते, गंजलेले बद्द वाजते. कमानी जिथे चॅसीला अडकवलेल्या असतात ते कोपरे, आडव्या पट्ट्यांचे जोड आणि हौद्याखालचा मागचा भाग यांकडे विशेष लक्ष द्यावे. मीठ किंवा खत वाहिलेल्या गाडीला तिथे गंज हमखास लागतो. जाड थराचा ताजा काळा रंग खालून मारलेला दिसला तर त्याखाली वेल्डिंग लपलेले असू शकते. चॅसी वाकलेली असेल तर गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते. ओल्या जमिनीवरून वीस-तीस फूट सरळ चालवून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या खुणा पाहिल्या की ते कळते.

दुरुस्तीचा क्रम : थांबणे, वळणे, दिसणे, चालणे, सजणे

जुनी गाडी हाती आली की बहुतेक मालक पहिला खर्च रंगावर करतात, दुसरा सीट कव्हरवर, तिसरा इंजिनावर, आणि पैसे उरले तर ब्रेककडे वळतात. हा क्रम नेमका उलटा हवा. गाडी चालली नाही तर दिवसाचे नुकसान होते. गाडी थांबली नाही तर होणारे नुकसान कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

थांबणे. चारही ड्रम उघडून लायनर, व्हील सिलिंडर आणि रबरी होस पाहावेत. होसला बोटाने वाकवले असता बारीक भेगा दिसल्या तर तो बदलावा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलणे इष्ट. खामगावहून बोथ्याच्या जंगलातून बुलढाण्याला चढणारा घाट आपल्याला ठाऊक आहे. परतीच्या उतारावर ब्रेक सतत दाबला की ड्रम तापतात, ऑईलमधील पाण्याची वाफ होते आणि पॅडल पोकळ होऊन खाली बसते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची सवय तर प्राणघातक आहे. ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम इंजिनावर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकवरील दाब भारानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो बिघडला की काही मिस्त्री तो काढून नळी थेट जोडून देतात. मग रिकामी गाडी पावसात ब्रेक मारताच मागून घसरते. हा व्हॉल्व्ह जागेवर आहे आणि चालतो आहे, याची खातरजमा मालकाने स्वतः करावी. ब्रेकचे सुटे भाग फक्त खात्रीचे घ्यावेत. काटकसर करायला गाडीत इतर पुष्कळ जागा आहेत.

वळणे. स्टिअरिंगमध्ये मोकळी फिरत किती आहे ते पाहावे. पुढचे चाक उचलून वरून-खालून हलवले असता ठोका जाणवला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, बेअरिंग आणि टाय रॉड तपासावेत. कमानीचे तुटलेले पाटे आणि झिजलेले बुश बदलावेत. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचे गावरस्ते म्हणून सतत लाटांसारखे होतात आणि कमानींचा कस लागतो. टायरची केवळ नक्षी पाहू नये, वयही पाहावे. टायरच्या बाजूला चार अंकी संख्या असते. २३१९ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत पण रबर तडकलेले असा टायर मेच्या उन्हात भरल्या गाडीखाली फुटतो. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना कधीही लावू नये.

दिसणे. हेडलाइटचे पिवळे पडलेले रिफ्लेक्टर, बंद पडलेले मागचे दिवे, तुटलेले इंडिकेटर आणि झिजलेले वायपर यांचा एकत्रित खर्च एका नव्या टायरपेक्षाही कमी असू शकतो. मागे आणि दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्या लावाव्यात. महामार्गावर रात्री बंद पडलेल्या, दिवे नसलेल्या गाडीवर मागून येणारे वाहन आदळणे हा अपघाताचा नेहमीचा प्रकार आहे. म्हणून धोक्याचा त्रिकोण गाडीत असलाच पाहिजे.

चालणे. आता इंजिन. ते पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावे, कारण विकणारा पुष्कळदा गाडी आधीच तापवून ठेवतो. धुराचा रंग बरेच सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर आणि नॉझलकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले असावेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी घटत असले तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. ऑईल भरण्याचे झाकण काढल्यावर वाफेचे जोरदार फवारे आले तर इंजिन उघडण्याची तयारी ठेवावी. पण आधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. नॉझल आणि पंप यांची कॅलिब्रेशन, टॅपेट आणि फिल्टर एवढ्यावर अनेक 'संपलेली' इंजिने पुन्हा ताळ्यावर येतात.

आपल्या भागात इंजिनाचा खरा शत्रू उष्णता आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदपर्यंत पसरलेला आहे. वाटेत रेडिएटर तापला म्हणून तिथल्या बोअरचे पाणी ओतले की क्षार आतल्या नळ्यांत साचतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटर चोंदतो. शुद्ध पाणी आणि कूलंट योग्य प्रमाणात भरावे, थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला ऐकू नये, पंख्याचा पट्टा आणि पाण्याचे होस उन्हाळ्यापूर्वी बदलावेत. काढलेले जुने ऑईल नालीत किंवा मातीत ओतले जाणार नाही, हेही पाहावे. सूक्ष्म जिवांचा विचार करणाऱ्या घराला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

सजणे. डेंटिंग, रंग, सीट आणि ताडपत्री शेवटी. हौद्याचा तळ आणि फाळक्यांच्या बिजागऱ्या मात्र यात धरू नयेत; ती कामाची दुरुस्ती आहे. चालत्या गाडीत फाळका उघडला तर माल रस्त्यावर सांडतो आणि मागचा दुचाकीस्वार त्यात सापडतो.

कापूस आणि जुनी वायरिंग

खामगावच्या गाड्यांसाठी एक विषय स्वतंत्रपणे सांगायला हवा. वर्षानुवर्षे कोणी हॉर्न जोडला, कोणी टेप, कोणी जास्तीचे दिवे. प्रत्येक वेळी मूळ तारेला चिरून टेप गुंडाळली गेली. अशी वायरिंग साधारण मालाला चालून जाते. कापसाला चालत नाही. सुटा कापूस ठिणगीने पेटतो आणि वाऱ्यावर चालत्या गाडीत आग कळेपर्यंत हौदा जळत असतो. म्हणून वायरिंगचा संपूर्ण संच नवा घालणे, प्रत्येक जोडाला योग्य क्षमतेचा फ्यूज बसवणे, फ्यूजच्या जागी तार गुंडाळण्याची पद्धत बंद करणे आणि फुटका सायलेन्सर बदलणे ही कामे हंगामापूर्वी करावीत. अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे आणि ते कसे वापरायचे हे त्याला माहीत असावे. कापसाचा भर उंच जातो, गाडीचा तोल वर सरकतो; वळणावर वेग कमी ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

किती माल भरावा?

जुन्या पिकअपचा अंत बहुधा वयाने होत नाही, ओझ्याने होतो. किती माल भरावा याचे उत्तर आर.सी.वर लिहिलेले असते. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. समजा, एकूण वजन २,८०० किलो आणि रिकामी गाडी १,६०० किलो आहे. उरले १,२०० किलो. त्यातून चालक आणि हमाल यांचे मिळून १४० किलो वजा करावेत. उरले १,०६०, म्हणजे ५० किलोची २१ पोती. प्रत्यक्षात अशा गाडीत चाळीस पोती भरलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. गाडीचा वेग तोच ठेवून एकूण वजन निम्म्याने वाढवले, तर थांबताना ब्रेकला तेवढीच जास्त उष्णता पचवावी लागते; आणि वेग दुप्पट केला तर ती चौपट होते.

जास्तीचे पाटे घालून गाडी उंच करणे किंवा हौदा वाढवणे हा उपाय नव्हे. निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत असे बदल करणे कायद्यानेही वर्ज्य आहे, आणि पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत. दोन फेऱ्या कराव्यात. तसेच लग्नाला किंवा देवदर्शनाला जाताना हौद्यात नातेवाइकांना बसवू नये. मालवाहू गाडीच्या विम्यात हौद्यातले प्रवासी धरलेले नसतात.

वहीतला हिशेब

आता मुख्य प्रश्न. पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, नव्या पिकअपसाठी आठ लाखांचे कर्ज १० टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले. हप्ता महिन्याला सुमारे १७,००० रुपये येतो. उलट जुन्या गाडीवर एकदाच १,८०,००० रुपये खर्चून ती तीन वर्षे वापरायची ठरवली, तर महिन्याला ५,००० रुपये पडले. किरकोळ देखभालीचे ४,००० धरले तर ९,००० झाले. वरवर महिन्याला ८,००० रुपये वाचले.

पण इथे थांबू नये. जुनी गाडी महिन्यातून दोन दिवस बंद राहिली आणि त्या दिवशी २,५०० रुपये भाड्याने दुसरी गाडी करावी लागली, तर ५,००० गेले. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणे असेल, जुनी गाडी लिटरला ११ आणि नवी १४ किलोमीटर देत असेल, तर जुनीला सुमारे २९ लिटर डिझेल जास्त लागते. लिटरला ९० रुपये धरले तर २,६०० रुपये झाले. शिल्लक राहिले अवघे ४०० रुपये. शिवाय पाच वर्षांनी नव्या गाडीला काही किंमत उरलेली असते.

आता हेच गणित गावातल्या आणि शेगाव-नांदुऱ्यापर्यंतच्या फिरण्यासाठी करू. महिन्याला ६०० किलोमीटर आणि एकच दिवस बंद. जास्तीचे डिझेल सुमारे १२ लिटर, म्हणजे १,०८० रुपये, भाड्याचे २,५००. तरीही महिन्याला सुमारे ४,४०० रुपये वाचतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. फिरणे जितके कमी, तितकी जुनी गाडी परवडते. रोज लांबचा पल्ला असेल तर नवीच घ्यावी. आणि जुन्या गाडीचा नफा तिच्या कमी किमतीत नसतो, ती किती दिवस बंद राहत नाही यात असतो. म्हणून सुरुवातीची दुरुस्ती अर्धवट करणे म्हणजे नफ्याचे मूळच कापणे होय.

कराच्या बाजूने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीला आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरील जी.एस.टी.चे क्रेडिट घेता येते, पण त्यासाठी रीतसर बिल हवे. आणि एकाच व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा अधिक रोख दिलेला खर्च आयकरात सामान्यतः मान्य होत नाही; गॅरेजचे पैसे बँकेतून द्यावेत. आपल्या सी.ए.चा सल्ला अर्थातच अंतिम मानावा.

केव्हा नाही म्हणावे

चॅसी गंजलेली किंवा वाकलेली असेल, कागदांत घोळ असेल, महत्त्वाचे सुटे भाग मिळेनासे झाले असतील, किंवा दुरुस्तीचा अंदाज त्याच वयाच्या चांगल्या गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होत असेल, तर मोह आवरावा. अशी गाडी भंगारवाल्याला न देता मान्यताप्राप्त मोडतोड केंद्रात द्यावी. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळते, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते, आणि नोंदणी रीतसर रद्द होते. नोंदणी रद्द न करता विकलेली गाडी उद्या कोणत्या गुन्ह्यात किंवा अपघातात सापडेल हे सांगता येत नाही, आणि पोलीस आर.सी.वरच्या नावाकडेच येतात.

रस्त्यावर चालणारे आपलेच असतात

व्यापारी घरात काटकसर हा गुण मानला जातो आणि तो तसा आहेच. वस्तू टाकून देण्याआधी ती दुरुस्त होते का हे पाहणे, गरजेपेक्षा अधिक कर्ज न करणे, हे संस्कार आपल्याला घरातून मिळालेले आहेत. पण काटकसर आणि कंजूषपणा यांतील सीमारेषा पिकअपच्या बाबतीत ब्रेकच्या पॅडलपाशी असते. मालक दुकानात बसतो. गाडीत बसतो तो पगारी चालक. "शेठ, ब्रेक जरा कमी लागतो" असे तो म्हणतो, तेव्हा "हंगाम संपू दे" हे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला नाही. चालकाने तक्रार लिहावी आणि मालकाने त्याच दिवशी तिच्यापुढे सही करावी, अशी एक साधी वही गाडीत ठेवली तरी बरेच काही साधते.

आणि रस्त्यावर कोण असते? खामगाव-शेगाव वाटेवर वर्षभर पायी जाणारे भाविक असतात. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते, तेव्हा तर हजारो माणसे तिच्यासोबत चालतात. महामार्गाच्या कडेने सकाळच्या विहारात आपले साधू-साध्वीही अनवाणी चालत असतात. विहारात वाहनाची धडक बसल्याच्या वार्ता आपण वाचतो, हळहळतो, आणि धडक देणारे वाहन कोणा अनोळखी माणसाचे होते असे मानून चालतो. ते वाहन कोणत्या तरी दुकानाचे असते, आणि त्याच्या ब्रेकची तक्रार कोणी तरी, कधी तरी केलेली असू शकते.

जुनी पिकअप दुरुस्त करण्याचा निर्णय घेतला असेल तर पुढच्या पासिंगची वाट पाहू नये. या आठवड्यात एक दिवस गाडी उभी करावी, मिस्त्रीला चारही ड्रम उघडायला सांगावे आणि तो उघडत असताना आपण स्वतः शेजारी उभे राहावे.